सातवा प्रश्न

सोमवार, ६ जानेवारी

अजिंक्यने आज चॅनेलच्या ऑफिसात बोलावून घेतलं आणि चहा न विचारता सांगितलं, "काका, शंभर भाग झाले की 'भेटीगाठी' थांबवूया." नव्याण्णव मुलाखती मी घेतल्या. बोटीवरचे तांडेल झाले, एकशे दोन वर्षांची सुईण झाली, पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेले एक गृहस्थ झाले, ज्यांनी पाऊण तास फक्त पाण्याच्या दाबावर काढला. एकाही मुलाखतीत मी जांभई दिली नाही. आणि हा कालचा पोरगा, ज्याच्या वडिलांनी हे केबल चॅनेल सुरू करताना पहिली मुलाखत माझ्याकडून करून घेतली, तो मला सांगतो की लोक आता मोबाईलवर बघतात.

"मग मोबाईलवर दाखव," मी म्हटलं.

"दाखवतोच की. मागचा भाग एक्केचाळीस जणांनी बघितला. त्यात तुम्ही किती वेळा?"

ते त्याला कशाला सांगू? चार वेळा.

रागाच्या भरात बोलून गेलो की शंभराव्या भागाला मी कारूला आणतो. अजिंक्यची खुर्ची एकदम पुढे आली. "ती कारू? 'रेंज नाही गो' गाण्यावाली?" तीच, म्हटलं. माझी विद्यार्थिनी आहे, माझ्या हाताखाली घडलीय. ती आली तर कार्यक्रम पुढे चालू ठेवीन, असं त्याने कबूल केलं. आता तिला आणणं भाग आहे. नाहीतर निवृत्तीनंतरचा माझा हा एकुलता एक उद्योग गेला, आणि उरलेलं आयुष्य बायकोला, म्हणजे राजश्रीला, नारळ सोलून देण्यात.

खरं सांगायचं तर आंबेकोंडच्या शाळेत मी २००४ ते २००७ होतो आणि ती तेव्हा तिथे होती, एवढंच नक्की. चेहरा आठवत नाही. तेहतीस वर्षं नोकरी, नऊ शाळा, हजारभर पोरं. पण घडली ती तिथेच ना.

गुरुवार, ९ जानेवारी

तीन दिवस तिच्या मॅनेजरला फोन लावतोय. सर्वेश नावाचा मुलगा आहे. प्रत्येक वाक्यात 'ॲक्च्युअली' आणि प्रत्येक फोनला "कोण भिकाजी?" आज पाचव्यांदा सांगितलं, भिकाजी गुरुजी, आंबेकोंड शाळा. म्हणाला, "मॅमना विचारतो, पण होप ठेवू नका. मुंबईतल्या चॅनेलनासुद्धा त्या दीड वर्षं नाही म्हणतायत."

आईबापांनी करुणा असं चांगलं नाव ठेवलं, तर हिने अर्धं तोडून कारू केलं. आजकालच्या कलावंतांना स्वतःचं नावसुद्धा लांब वाटतं.

राजश्रीला विचारलं, तुला आठवते का ती. आम्ही तेव्हा शाळेमागच्याच खोलीत राहत होतो. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "नाय आठवणार? तिचा आवाज इहिरीपर्यंत यायचा. मी कळशी भरतंय आणि हिची प्रार्थना चाललीय. मगे एकदम बंदच झाला. मना वाटला, गेली मुंबयला बापाकडं."

मुद्द्याचं विचारावं तर हिला विहीर आठवते.

शनिवार, ११ जानेवारी

हो म्हणाली! सर्वेशचा स्वतःहून फोन आला. त्यालाच धक्का बसलेला दिसला. "सर, तुमचं नाव सांगितल्यावर मॅम जरा वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, डेट दे." गुरूचं नाव ऐकून बोलती बंद व्हावी, हे संस्कार अजून शिल्लक आहेत तर. वीस तारीख ठरली. प्रक्षेपण सव्वीस जानेवारीला संध्याकाळी.

पण अट एक आहे आणि ती डोकं फिरवणारी आहे. मुलाखत आंबेकोंडच्या शाळेच्या व्हरांड्यात. मी मालगुंडचा समुद्र सुचवला होता, मागे सुरूची झाडं, पुढे वाळू, अजिंक्यलाही पटलं होतं. नाही म्हणजे नाही. त्या व्हरांड्यावर पत्रे आहेत, पत्र्यावर कावळे, आणि समोरून एसटी वळताना हॉर्न दिल्याशिवाय वळत नाही. हे मी सर्वेशला समजावलं. तो म्हणाला, "मॅमना माहितेय."

मातीची ओढ, दुसरं काय.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेतला, गोड बोलायचं ठरवलं आणि दुपारी सर्वेशचा निरोप पाहून ते मोडलं. मी बत्तीस प्रश्न पाठवले होते. चार रात्री जागलो होतो. बालपण, प्रेरणास्थाने, पाश्चात्त्य संगीताचं आक्रमण, तरुण पिढीला संदेश. त्यातले तेवीस तांबड्या रेघेने कापून परत. 'तरुण पिढीला संदेश'पुढे नुसतंच 'नो' लिहिलंय.

नऊ उरले. पण सातव्या प्रश्नाभोवती गोल काढलाय आणि खाली लिहिलंय, 'हा नक्की विचारा. मॅम.' सातवा प्रश्न हा: आपल्या जडणघडणीत प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांचा वाटा काय?

डोळे भरून आले. राजश्रीला कागद दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाली, "तुमचा नाव घेईल असा वाटतो तुमाला?"

नाव घेणार नाही तर गोल कशाला काढेल? बायकोपुढे शहाणपण चालत नाही हेच खरं.

शुक्रवार, १७ जानेवारी

आंबेकोंडला जाऊन जागा बघून आलो. सध्याच्या मुख्याध्यापिका दर्शनाबाई भल्या आहेत. स्वागतगीत बसवायला मुली देते म्हणाल्या. गीत माझंच, 'या हो पाहुणे अंगणी'. तीस वर्षांत किमान दोनशे साहेबांचं स्वागत या गीताने झालंय. बाईंनी ते अजून ठेवलंय हे ऐकून बरं वाटलं.

तिथून करुणाच्या घरी. वडील गंगाराम मुंबईला पोस्टात होते, ते गेल्याला सहा वर्षं झाली. आई प्रभावती एकटीच राहते. लेक एवढी मोठी, तरी बाई अंगणात काजूच्या बिया वाळवत बसलेली. मला पाहून उठली नाही.

"वळखलात काय मना, गुरुजी?"

ओळखलं म्हटलं, म्हणावंच लागतं. लहानपणीच्या दोन-चार आठवणी मागितल्या, तर म्हणाली, "तिलाच विचारा. तिला सगळा आठवता." चहा दिला, तोही कोरा. मी स्तुती म्हणून म्हटलं की तुमच्या वाडीत गळेच तसे, गायन पार्टीतले, ढोलकीच्या वर चढणारे. जरा खडे, पण दमदार. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काय चुकीचं बोललो हे मला गाडीत बसेपर्यंत कळेना. अजूनही कळलेलं नाही. जातपात मी कधी मानली नाही, हे केंद्रातल्या सगळ्या शाळांना ठाऊक आहे.

सोमवार, २० जानेवारी

दमलोय, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. आजच्यासारखी मुलाखत मी आयुष्यात घेतली नव्हती.

सुरुवात नेहमीसारखीच वैतागाची. कॅमेरामन दीपक अर्धा तास उशिरा. आल्याआल्या त्याने माझ्या कॉलरला माइक अडकवला आणि "चालूच ऱ्हांदे गुरुजी, परत परत कोण लावणार" म्हणून गेला. व्हरांड्यात कोणीतरी खेळाच्या चटया वाळत घातलेल्या. शाल आणली होती, नारळ घरी राहिला. सरपंचांनी स्वतःची खुर्ची कॅमेऱ्यात येईल अशी तीनदा सरकवली.

ती वेळेवर आली. साधा पंजाबी ड्रेस, केसांत दोन निळ्या बटा. मी पुढे होऊन म्हटलं, ये करुणा. ती म्हणाली, "नमस्कार गुरुजी." एवढंच. बसली आणि दीपककडून हेडफोन मागून घेतले, आवाज कसा येतोय ते ऐकायला. गाणाऱ्यांची खोड.

मी तोवर पायरीवर मुलींची रांग लावली. अकरा मुली. त्यात आरोही नावाची चौथीतली एक, तिचा आवाज दावं तोडलेल्या वासरासारखा सगळ्यांच्या पुढे पळतो. एकदा म्हणून घेतलं, दोनदा घेतलं, सुधारेना. शेवटी माझी जुनी युक्ती. जवळ जाऊन कानात सांगितलं, "बाळ, तू नुसते ओठ हलव हं. आवाज काढू नको. पाहुण्या आल्यात." या युक्तीने कोणाचं मन मोडत नाही, रांगेत उभं राहायलाही मिळतं आणि गीत सरळ जातं. वळून पाहतो तर करुणाने हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते आणि ती माझ्याकडेच बघत होती. जुनं गीत ऐकून गहिवरली असणार.

मुलाखतीत मात्र मोकळी बोलली. संगीत कुठून आलं, तर म्हणाली वडिलांकडून. "जयंतीला गावी आले की पार्टीत गायचे. त्यांना माइक लागायचा नाही." पहिलं गाणं विक्रोळीच्या खोलीत, कपाटात बसून रेकॉर्ड केलं, दार लावून, साड्यांच्या मधे. "साड्या बाहेरचा आवाज खातात." पाश्चात्त्य संगीताबद्दलचा, तिने कापलेला प्रश्न मी तरीही विचारलाच, तर हसली. म्हणाली, बीट कुठलाही असू दे, वरचा सूर बापाचाच आहे.

यश मिळाल्यावर काय बदललं, हे विचारलं. "लोक उठून खुर्ची देतात. पहिल्यांदा दिली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून."

मग दोन वर्षांपूर्वीच्या आजाराचं निघालं. गळ्याला गाठी झाल्या होत्या, डॉक्टरांनी तीन महिने एक शब्द बोलू दिला नाही. जड गेलं असेल, मी म्हटलं. ती म्हणाली, "नाही. मला सवय होती." आणि लगेच, "सातवा प्रश्न विचारा ना गुरुजी."

अजून पाचवा व्हायचा होता. क्रम मोडलेला मला चालत नाही, पण विचारला. ती शांतपणे सांगत गेली, ते जसंच्या तसं लिहितो.

"वाटा मोठा आहे. मी चौथीत होते. शिक्षणाधिकारी येणार होते. स्वागतगीत मी पंधरा दिवस पाठ केलं होतं, म्हशीला पाणी दाखवतानासुद्धा म्हणायची. आईने फ्रॉकला नवी बटणं लावली. मास्तरांनी मला मागच्या रांगेत टोकाला उभं केलं आणि कानात सांगितलं, तू नुसते ओठ हलव. मला वाटलं, एका दिवसापुरतं असेल. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला तोंड उघडलं आणि आवाज काढायला भीती वाटली. म्हणून प्रार्थनेलाही ओठ हलवले. मग राष्ट्रगीताला. मग घरी पाळण्यातल्या भावाला निजवताना. अकरावीपर्यंत मी गायले नाही. बाबा विचारून थकले. त्यांना वाटलं, पोरीचा गळा गेला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लिहून आणलेले प्रश्न बाजूला ठेवले आणि मनापासून बोललो, "अशा माणसाला शिक्षक म्हणायची मला लाज वाटते. त्याचं नाव सांग, आज या शाळेच्या व्हरांड्यातून कळू दे लोकांना."

"नाव नको. त्यांना आठवतही नसेल."

"आठवत नसेल तर गुन्हा दुप्पट," मी म्हटलं.

नेमका तेव्हाच एसटीने हॉर्न दिला. मी विचारलं, त्यांना माफ केलंस का? "ते विचारायला आले, की बघू."

निघताना पाया पडली नाही, शहरी वळण. गाडीत बसण्याआधी त्या आरोहीपाशी वाकून काहीतरी बोलत होती. पोरगी मान खाली घालून उभी, हूं की चूं नाही.

माझं नाव तिने घेतलं नाही, हे खुपलं. पण असल्या दुष्ट मास्तरापुढे चांगल्या मास्तरांची आठवण कोणाला राहणार.

मंगळवार, २१ जानेवारी

अजिंक्यने 'आठवत नसेल तर गुन्हा दुप्पट' एवढाच तुकडा मोबाईलवर टाकला. दुपारपर्यंत साठ हजार लोकांनी पाहिला. तीन जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले, गुरुजी, काय बोललात. कार्यक्रम चालू राहणार, अजिंक्यने लेखी दिलं. चहाही दिला.

रात्री जेवताना राजश्रीला सगळं सांगितलं. तिने भाकरी मोडता मोडता विचारलं, "ती चौथीत व्हती तवा शाळंत मास्तर किती व्हते?"

दोन होते. मी आणि केरू मास्तर. केरू मास्तर गणित आणि शेतीवाले, त्यांना गाण्यातलं काही कळत नसे. कोणी बाहेरचा आला असेल शिकवायला.

गुरुवार, २३ जानेवारी

दीपककडे संकलनाला बसलो होतो. त्याने हेडफोन माझ्या कानाला लावले आणि म्हणाला, "गुरुजी, ह्याचा काय करायचा, तुमीच सांगा."

माझाच आवाज. 'बाळ, तू नुसते ओठ हलव हं. आवाज काढू नको.' माइक चालू होता. स्वच्छ, कावळ्यांसकट.

आधी मी दीपकवर खेकसलो, माइक चालू का ठेवलास. मग तिच्यावर चिडलो. हेडफोन तिनेच मागितले होते, ऐकलं आणि त्यावरून गोष्ट रचली, चारचौघांत माझी फजिती करायला. दीपक म्हणाला, "पण प्रश्न तर तुमचाच व्हता." तेही खरं. गोल तिने सहा दिवस आधी काढला होता.

दीपकने वर तोंड करून पाहिलं नाही. ते जास्त लागलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

पलंगाखालची ट्रंक काढली. आंबेकोंडचा फोटो सापडला, पाठीमागे माझ्याच अक्षरात 'मा. शिक्षणाधिकारी भेट, २००५'. पुढे साहेब हारात बुडालेले. मागे तीन रांगा, गीत चालू असताना काढलेला फोटो. मागच्या रांगेत टोकाला एक बारकी मुलगी, फ्रॉकची बटणं बाकीच्या फ्रॉकपेक्षा पांढरी. सगळ्यांची तोंडं उघडी आहेत. तिचंही. फोटोत कळत नाही कोण गातंय ते.

राजश्री पाठीमागे येऊन उभी राहिली. "आता आठवला?"

नाही आठवत. कोणाची शपथ घेऊन सांगू, अजूनही आठवत नाही. पण सांगितलं असणार, कारण दरवर्षी मी कोणाला ना कोणाला सांगत आलो. दरवर्षी दोघं-तिघं धरली, तर तेहतीस वर्षांची किती होतात, हे मी मोजणार नाही. मला लाज वाटते. कॅमेऱ्यासमोर म्हणालो होतो तेव्हा वाटली नव्हती, आज वाटते.

शनिवार, २५ जानेवारी

दीपकला फोन करून ते कुजबुजलेलं वाक्य काढून टाकायला सांगितलं. मुलाखत बाकी तशीच राहील. तिची गोष्ट राहील, माझा संतापही राहील. गावात अजून वीस वर्षं राहायचंय मला, आणि झालं ते झालं. एका माणसाने चूक केली, तरी करुणा आज एवढी मोठी गायिका आहे. म्हणजे नुकसान काही कायमचं नव्हतं.

हे मी राजश्रीलाही ऐकवलं. ती म्हणाली, "काढा तर काढा," आणि आत जाऊन नारळ स्वतःच सोलायला बसली.

सकाळी आंबेकोंडला ध्वजवंदनाला बोलावलंय, प्रमुख पाहुणा म्हणून. न जाऊन चालायचं नाही.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी साडेनऊला शाळेच्या फाटकातूनच दीपकला फोन केला आणि काढलेलं वाक्य परत घालायला सांगितलं. आधी माझं वाक्य, मग तिची गोष्ट, मग माझा संताप, जसं घडलं त्याच क्रमाने. अजिंक्य ओरडेल, ओरडू दे. शेवटी पडद्यावर एवढंच लिही म्हटलं, की त्या मास्तराचं नाव भिकाजी. तो म्हणाला, "गुरुजी, नक्की काय? संध्याकाळी सगळा गाव बघणार हाय." नक्की, म्हटलं. करुणाच्या आईकडे जाऊन आलो. फाटकापर्यंतच गेलो, पुढे पाय उचलेना. उद्या परत जाईन. विचारायला आले की बघू, असं करुणा म्हणाली होती; सुरुवात आईपासून.

फोन का केला ते लिहून ठेवतो.

झेंडा वर गेला. राष्ट्रगीत झालं. मग मुलांनी समूहगीत सुरू केलं. आरोही मागच्या रांगेत टोकाला उभी होती. तोंड सगळ्यांबरोबर उघडत होतं, मिटत होतं, हात छातीशी, मान ताठ. पाहुण्यांची खुर्ची सोडून मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो आणि कान तिच्याजवळ नेला. दर्शनाबाई बघत राहिल्या. काही ऐकू आलं नाही. फक्त श्वास.

सहाच दिवस झालेत.

मी वाकून म्हटलं, "बाळ, गा. मोठ्याने गा."

तिने घाबरून मान हलवली. "नको. गुरुजींनी सांगितलाय."

"कोणत्या गुरुजींनी?"

तिने वर पाहिलं. मी थट्टा करतोय की काय, असं तिला वाटलं असावं.

"तुमीच."

आणि पुढची ओळ आली तशी तिने पुन्हा ओठ हलवायला सुरुवात केली.